मुरमगावची आणेवारी

बंडोपंतांना राग यायला निमित्त लागत नसे. त्या दिवशी तर चांगलं गाडीभर निमित्त होतं. साखरा गावाच्या पलीकडे माळावर मुरमगाव, तिथल्या चार वर्गांना मिळून हे एकटे मास्तर. सासुरवाडीहून परततात तो दारावर निजाम सरकारचा हुकूम डकवलेला: हिंगोलीच्या शाळेच्या मानाने इथली मुलं फारच कच्ची, सबब होळीनंतर शाळा बंद.

"कच्ची? माझी पोरं कच्ची?" पंत गरजले.

संतराम पाटील मात्र खुशीत होते. "घोर करू नका पंत. तपासनीस साहेब यायच्या आधीच आमी हुशार पोरं शेतात धाडली. अडखळत वाचणारी तेवढी म्होरं बसवली. साहेबाला दया येईल, अजून एक मास्तर देईल."

पंतांनी कपाळावर हात मारून घेतला. पाटलाचं तरी काय चुकलं म्हणा! पीक बघायला सरकारी माणूस आला की त्याला वाळकं रान दाखवायचं, म्हणजे आणेवारी कमी लागते आणि सारा हलका होतो. बापजाद्यांपासून हेच चालत आलेलं. तो पीक बघायला आला काय अन् पोरं बघायला आला काय, गावाला सारखाच.

गोजरबाईला मात्र रडू फुटलं. तिची मंजुळा नुकती कुठे घडाघडा वाचायला लागली होती. "दुसरी शाळा नदीपल्याड. पोरीच्या जातीला तिथं कोण धाडंल, मास्तर? संपलंच की हो तिचं."

"संपत नसतं असं!" पंत म्हणाले आणि दुसऱ्याच दिवशी हिंगोलीच्या कचेरीत जाऊन तपासनिसासमोर उभे राहिले. बसा म्हणायची वाटही पाहिली नाही.

"साहेब, काळ्या जमिनीचा सारा बरडाला लावता का?"

"नाही. का?"

"मग हिंगोलीची फूटपट्टी मुरमगावाला कशी लावली? इथे वर्गागणिक मास्तर. माझी पोरं सुगीत ज्वारी काढतात, मग शाळेत येतात. बराबरीचं बराबरीशी लावा! माळावरच्या एकमास्तरी शाळा एके ठिकाणी बोलवा, सगळ्यांना तेच प्रश्न घाला. आणि एकही पोर घरी ठेवू देऊ नका."

साहेब चिडले, पण जमिनीचा दाखला त्यांना पटला. "ठीक. पण जी शेवटी येईल ती बंद. कबूल?"

"कबूल!" पंत तावातावाने बोलून गेले.

नरसीच्या धर्मशाळेत चार गावांची पोरं जमली. पाटलांनी आता उलटा डाव काढला होता: गुरं राखणारी पोरं घरीच ठेवावीत. पंतांनी त्यांना असं झापलं की पाटलांनी फेटा सावरत स्वतःच ती पोरं गोळा केली. सगळी पोरं आली. वाचून झालं, गणितं झाली. साहेबांनी आकडे मांडले. मुरमगाव दुसरं आलं. खैरखोरी शेवटची.

पाटलांनी फेटा उडवला. खैरखोरीचे अमरसिंग मास्तर मात्र खाली बघत उभे राहिले. त्यांची पोरं एकमेकांना विचारत होती, शाळा खरंच जाणार का? पंत स्वतःवरच चरफडले. मेल्या, ही अट तूच मान्य केलीस!

त्यांनी साहेबांसमोरचा कागद ओढून घेतला. "हे बघा. खैरखोरीची पोरं गणितात आमच्या पुढं आहेत. मार खाल्ला तो वाचनात. मग वाचन शिकवा! कोण कुठे उणं पडतं ते कळावं म्हणून मी तुलना मागितली, कुणाचं दार लावायला नव्हे."

"कबूल तुम्हीच म्हणाला होता."

"रागात म्हणालो, चुकलो. पण ती बंद करणार असाल तर माझीही करा."

"पंत, काहून हातातलं घालवून राहिले?" पाटील कळवळले.

तेवढ्यात मंजुळेला घेऊन आलेली गोजरबाई उठली. ज्या पोरीसाठी तिने डोळे सुजवले होते, तिचाच हात धरून ती खैरखोरीच्या पोरांत जाऊन बसली. "न्हाई तर न्हाई," ती म्हणाली. "आमचीबी लिवा बंद."

साहेबांचा चेहरा लाल झाला. भरल्या धर्मशाळेत एवढ्या लेकरांसमोर बंदचा शेरा मारायला त्यांचा हात काही उठला नाही. शाळा दोन्ही राहिल्या. उद्धट मास्तराला शिक्षा मात्र हवीच होती: पंतांची बदली खैरखोरीला, अमरसिंग मुरमगावला.

मुरमगाव वेशीपर्यंत रडत आलं. पंत उलट त्यांच्यावरच खेकसले, "रडता काय? अमरसिंगांकडून गणित शिकून घ्या!"

पुढल्या वर्षी नरसीची परीक्षा पंतांनीच भांडून लावून घेतली. गावं आता चाराची सात झाली होती. आकडे मांडून झाले, साहेबांनी घसा खाकरला आणि पहिल्या गावाचं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"ते राहू द्या," पंत मधेच म्हणाले. "शेवटी कोण आलं ते सांगा. मला तिथं बदली पाहिजे."