बियाण्याच्या मुड्यातला कागद

मे महिन्यात माझा फोन विहिरीत पडला. फोनचं फारसं दुःख नव्हतं... त्यात माझं क्रिप्टोचं वॉलेट होतं.

मी कुंभारवाड्याचा, बेळगावच्या खालच्या जंगलपट्ट्यातल्या गावचा. दोन वर्षं थोडेथोडे करून कॉइन घेतले होते, त्यातून आमच्या होमस्टेची दुसरी खोली बांधायची होती. हा बाजार कधी कोसळेल याचा नेम नाही, हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तयारीही पक्की केली होती. भाव किती घसरला की किती विकायचं, सगळं वहीत लिहिलेलं.

फोन गेला तर वॉलेट परत उघडायला बारा इंग्रजी शब्द लागतात. ते हरवले की पैसे गेले, कुणाकडे दाद मागता येत नाही. मी ते कागदावर लिहिले, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि बियाण्याच्या मुड्यात खोचून ठेवले.

मुडा म्हणजे पेंढ्यात गच्च बांधलेलं भाताचं बी. आमच्याकडे तो चुलीवरच्या माळ्यावर धुरात असतो, पेरणीपर्यंत त्याला कोणी हात लावत नाही. इतका सेफ लॉकर बेळगावातही मिळायचा नाही, असं मला वाटायचं. शहाणपणाचा कळसच!

रामनगरला जाऊन नवा फोन घेतला. दुकानातच भाव बघितले... सगळं लाल, घसरलेलं. वहीप्रमाणे अर्धे विकायची वेळ झाली होती. धावतपळत घरी आलो, माळ्यावर चढलो, तर मुडा जागेवर नाही.

आई शांतपणे म्हणाली, "दिग्गीच्या मावशीला दिला की. गेल्या साली तिचं भात रानडुकरांनी खाल्लं, बी सुदिक ऱ्हायलं न्हाई. बी मागितल्यावर कुनी न्हाई म्हनतंय व्हय?"

नाही म्हणत कोणी. विकतही नाही. पुढच्या वर्षी तेवढंच बी परत येतं किंवा तिसऱ्याच घरी जातं. लहानपणापासून हे बघतोय, आणि तरी कागद ठेवला तो नेमका तिथेच...

बाइक काढून दिग्गी गाठलं. मावशीने मुडा सोडून बी भिजतही घातलं होतं.

मी नुसतं "मुड्यात एक कागद..." म्हणालो, तशी तिने कोनाड्यातून पिशवी काढून माझ्या हातावर ठेवली. "बियातनं आलंय म्हंजे घरचंच कायतरी असनार, म्हनून ठिवलं."

मी तिच्या पाया पडलो, आणि कागद कशाचा ते जमेल तसं सांगितलं. तिने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "आनि कागद एकच हाय व्हय? तुझी आई बियानं तीन घरात ठेवती."

माझ्या वहीत सगळं होतं, हे नव्हतं.

घरी येऊन वॉलेट उघडलं तोवर भाव आणखी उतरला होता. ठरल्याप्रमाणे अर्धे विकले, पण कमी पैशांत. खोली यंदा होत नाही.

त्या शब्दांच्या आता तीन प्रती आहेत. एक घरी, एक बहिणीकडे, एक मावशीकडे. मावशीने ती ठेवून घेतली, वर फणसही दिला.

बाजार कधी पडेल हे मला अजूनही सांगता येत नाही. रानडुक्कर कधी येईल हे आईलाही सांगता येत नाही... तिने ते ओळखायचा कधी प्रयत्नही केलेला नाही. ती फक्त बी वाटून ठेवते.