आईची वही, ताईची पेन्सिल

माझी ताई चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. दिवसभर लोकांपुढे तक्ता धरून "हं, आता खालची ओळ" म्हणत असते. स्वतः मात्र हातात पेन्सिल नसताना एक ओळ वाचेल तर शपथ!

हे खूळ शाळेतलं. वाचनालयाच्या बाईंचा नियमच तसा होता. पुस्तक परत करताना सारांश आणि दहा प्रश्नोत्तरं लिहून न्यायची, वर बाई उभं करून आणखी विचारणार. एक जरी चुकलं तरी नवं पुस्तक नाही, तेच पुन्हा घरी. ताई गोष्टीत पार बुडून जायची, म्हणून नेमकी तीच अडकायची. नायकाच्या घोड्याचा रंग सांगता आला नाही म्हणून एक पुस्तक तिनं चार वेळा घरी आणलं. चौथ्या वेळी ती गोष्ट वाचतच नव्हती, नुसते घोडे शोधत होती. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान. मी तिच्या वह्या बिनदिक्कत उतरवल्या, उत्तरं घोकली आणि पुस्तकं मनाला येईल तशी वाचली. बाई मलाच हुशार म्हणायच्या. आजही आठवलं की डोकं फिरतं माझं.

ताई आता पंचेचाळीसची आहे. लग्नाआधी भावजींनी पाठवलेल्या पत्रांच्या समासातसुद्धा तिनं 'महत्त्वाचे' असं लिहिलंय. बिचारे भावजी अजून ते कौतुकानं सांगतात.

गेल्या महिन्यात आई गेली. तिच्या उशाखाली एक वही सापडली, आजारपणात लिहिलेली. मी एका बैठकीत वाचली आणि ढसाढसा रडले. मग ताईकडे घेऊन गेले.

"या वेळी पेन्सिल नको हं," मी बजावलं. "आई बोलतेय. परीक्षा नाहीये ही."

"बरं बाई," म्हणत तिनं पेन्सिल माझ्या हातात दिली.

पहिलं पान तिनं तीनदा वाचलं. बोटं सारखी चाळवत होती.

"काय लिहिलंय गं?" तिनं मलाच विचारलं. "डोळ्यांखालून जातंय नुसतं. आत काही उतरतच नाही."

मला तिची कीव आली आणि संतापही आला. त्या बाई समोर असत्या तर चांगलं फैलावर घेतलं असतं. राग निघाला तो ताईवरच.

"घे, कर काय करायचं ते!" मी पेन्सिल तिच्यापुढे आपटली.

आठवड्यानं मी दुकानात गेले. तिनं खणातून वही काढून दिली. पानापानावर रेघा, समासात आकडे. शेवटी तिच्या सुबक अक्षरात लिहिलं होतं:

'प्रश्न : आई रोज दुपारी दाराकडे का बघत असे?
उत्तर : मोठी मुलगी येईल असे तिला वाटे. सुट्टी मिळत नाही, असे मुलगी कळवी. तिने सुट्टी मागितलीच नव्हती. आजारी आईकडे बघण्याचे तिला धैर्य नव्हते.'

पहिली दोन वाक्यं आईच्या वहीतली होती. पुढचं आईनं कुठंच लिहिलं नव्हतं, तिला ते ठाऊकच नव्हतं. मलाही नव्हतं.

मी मान वर केली. ताई टेबलापलीकडे ताठ उभी होती, हात बाजूला, नजर माझ्या तोंडाकडे.

"बरोबर आहे ना गं उत्तर?"

"बरोबर आहे," मी म्हटलं.

तिनं सुस्कारा सोडला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.