बाबांची मिथुन रास

रेवसच्या धक्क्यावर लाँच भरतीच्या पाण्याची वाट बघत उभी होती, आणि बाबा माझी बॅग एका हाताने उचलून वजनाचा अंदाज घेत होते. "अजून पाच किलो बसंल," असं जाहीर करून त्यांनी खडेमिठाची पिशवी माझ्या स्वेटरांच्या मधोमध कोंबली. बाबांचा सगळा जन्म मिठागरात मीठ ओढण्यात गेला. मुलगी नर्स होऊन आयर्लंडला निघालीय, तिथे थंडी असते, भाषा वेगळी असते, यातल्या कशाचीच त्यांना चिंता नव्हती. चिंता एकच. "तिकडचं मीठ म्हंजे पांढरं पीठ. त्यानं जेवन व्हत न्हाय."

मुंबईत भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि समोर दिसलेल्या पहिल्या चहाच्या टपरीवर मी ती पिशवी ठेवून आले. विमानात वजन जास्त भरेल ही भीती होती, आणि खरं सांगायचं तर लाजही होती. आठवड्याने बाबांनी फोनवर विचारलं, "मीठ पुरतंय ना?" मी म्हटलं, "जपून वापरतेय, बाबा." म्हणजे देश सोडल्यावर खोटं बोलायला मी फारसा वेळ दवडला नाही. गावाकडे राहिलेल्यांनी हे वाचून खुशाल नावं ठेवावीत. माझ्यासारखे जे इकडे आलेत, त्यांनी मात्र आपापल्या पिशव्या आठवाव्यात आणि मग काय ते बोलावं.

त्याला आता बावीस वर्षं झाली. गॉलवेत घर झालं, नवरा तिथल्या पावसाला सरावला, लेक रिया आयरिश सुरात मराठी बोलते. माझी आई म्हणते, "पोरगी बोलते का गाते?" मी वॉर्डात इतकी वर्षं लोकांच्या म्हाताऱ्या वडिलांच्या उशाशी बसले, त्यांचे हात धरले, घरच्यांना वेळेवर फोन केले. "लवकर या, उशीर करू नका," हे वाक्य मी इंग्रजीत इतकं सुंदर म्हणते की नवीन नर्सना शिकवायला मला बोलावतात.

गेल्या वर्षी मार्चमध्ये हेच वाक्य माझ्या धाकट्या भावाने, रम्याने, मला ऐकवलं. "ताय, बाबांचं काय खरं न्हाय. येऊन जा." मी म्हटलं, रजा मिळत नाही रे, मेच्या शेवटी येते. रजा मिळाली होती. दोन आठवड्यांची, एप्रिलमधली. पण तिच्यावर स्पेनची तिकिटं काढलेली होती, रियाने सहा महिने त्या समुद्रकिनाऱ्याची स्वप्नं पाहिली होती, आणि मी स्वतःला नर्सच्या आवाजात समजावलं की बाबांची तब्येत स्थिर आहे. आम्ही स्पेनला गेलो. मी उन्हात टोपी घालून फिरले. मेच्या पहिल्या आठवड्यात बाबा गेले. मी पोचले तिसऱ्या दिवशी. खाडीकाठच्या खाजणातल्या त्या उन्हात कुणाची वाट बघत थांबता येत नाही, त्यांना त्याच दुपारी नेलं होतं. आईच्या गळ्यात पडून रडताना मी काय म्हणाले, तर "रजाच दिली नाही गो मेल्यांनी." आयर्लंडच्या अख्ख्या आरोग्यव्यवस्थेवर मी त्या दिवशी ओटीवर बसून बालंट आणलं. जमलेल्या बायकाही म्हणाल्या, कसली माणसं असतात!

हे खोटं मनात ठेवून परत गेले, आणि मग वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी टॅटू काढून घ्यायचं ठरवलं.

हसा. माझ्या आईच्या हातावर तुळस आहे, विंचू आहे, कपाळावर ठिपका आहे. मी सात वर्षांची असताना गोंदणारी बाई दारात आली, तेव्हा मी माळ्यावर चढून बसले होते आणि संध्याकाळपर्यंत उतरले नव्हते. "मी शिकनार हाय, मला नको असलं गावठी," असं वरून ओरडत होते म्हणे. तीच मी, आगाऊ वेळ ठरवून, बेकरीच्या माडीवरच्या एका दुकानात खुर्चीत हात पसरून बसले.

टॅटू काढणारी ओर्ला, माझ्या लेकीपेक्षा चारपाच वर्षांनी मोठी. कानात सहा बाळ्या, आवाज अगदी मऊ. तिची खासियत म्हणजे राशींची चिन्हं तिथल्या जुन्या केल्टिक गाठींमध्ये गुंफायची. या गाठी तिने मला वहीत दाखवल्या: एकच दोरा, वर जातो, खाली जातो, स्वतःलाच ओलांडतो, आणि सुरू कुठे झाला ते सापडत नाही. मला दारातली ठिपक्यांची रांगोळी आठवली, पण आपल्या रांगोळीवरून माणसं चालत जातात आणि ती पुसते. ही गाठ पुसली जाणार नव्हती. तीच तर मला हवी होती. कधी न पुसणारी शिक्षा, पण दिसायला बरी.

"वडिलांसाठी आहे ना? मग त्यांच्याबद्दल सांग," ओर्ला म्हणाली. "ते कसे होते, त्यावरून मी गाठ काढीन."

काय सांगायचं? मीठ ओढायचे, कमी बोलायचे, भजनात शेवटच्या रांगेत बसायचे. मग मी नर्स नेहमी करते तेच केलं. जन्मतारीख सांगितली. एक जून.

"जेमिनाय!" ती खूश झाली. मिथुन, जुळ्यांची रास. कागदावर तिने दोन उभे खांब काढले, त्या रोमन दोनसारखे, आणि दोन्ही खांब एकाच दोऱ्याच्या गाठींनी विणले. मध्ये तीन भोवऱ्यांचं चिन्ह, एकाच मध्यातून निघून तिन्ही वेगवेगळ्या दिशांना वळलेले. जन्म, मरण आणि त्याच्या पलीकडचं, असं ती म्हणाली. मी मान हलवली. अडीच तास सुई चालली. बाबांच्या नावाने एवढं दुखतंय याचं मला, लाज वाटते सांगायला, पण समाधान वाटत होतं.

आता आपल्याकडची रास चंद्रावरून असते आणि तिकडची सूर्यावरून, एवढं मला कळत होतं. ते मी ओलांडून गेले. पण त्याहून मोठी गोष्ट माझ्या नाकासमोर होती. आमच्या घरात बाबा, मी आणि रम्या, तिघांचाही जन्म एक जूनचा. वॉर्डात हे सांगितलं तेव्हा आयरिश नर्सांनी तोंडावर हात ठेवला होता, केवढा योगायोग! तो योगायोग आमच्या शाळेच्या मास्तरांचा होता. पोराला शाळेत आणलं, आईबापांना तारीख ठाऊक नसली, की ते वयाचा अंदाज बांधून एक जून लिहून टाकत. निम्मा गाव एक जूनला जन्मलेला आहे. हे मला माहीत होतं. माझी तारीख खोटी, हे तर मी विनोद म्हणून सांगायचे. पण बाबांचा पासबुकावरचा, मतदानाच्या कार्डावरचा, मृत्यूच्या दाखल्यावरचा एक जून मी इतक्या वेळा वाचला होता की तो खरा होऊन बसला होता.

या मे महिन्यात वर्षश्राद्धाला गावी आले. दंड झाकायला लांब बाह्यांचे ब्लाऊज शिवून आणले होते, पण रेवसच्या मे महिन्यात लांब बाह्या म्हणजे दुसरी शिक्षा. दुसऱ्याच दिवशी बाह्या वर गेल्या. शेजारची सुमन काकी जवळ आली, डोळे बारीक करून म्हणाली, "ही कंच्या पार्टीची निशानी गो?" रम्याने मान तिरकी करून पाहिलं. "ताय, खाटंचे पाय हायत काय? दोनच कसे?"

विधी झाले, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि मी दोघीच ओटीवर सुकट निवडत बसलो होतो. तेव्हा तिने माझा दंड धरला आणि अंगठ्याने घासून पाहिला.

"निगनार न्हाय ना हे?"

"नाही आई. बाबांची रास आहे ती. मिथुन."

"मिथुन? कोनी सांगितलं?"

"एक जूनचा जन्म ना..."

आई इतकी हसली की मांडीवरचं सूप कलंडलं. "अगो येडे, ती मास्तरांची तारीख! हे जन्मले तवा भादवा व्हता. उधानाची भरती येऊन खाजनाचा बांध फुटला व्हता. गावातले सगले गडी बांधावर, आनी हितं सासूबाय एकटी. त्या गडबडीत वेळ कोन बघतंय? रास कसली नि काय. नाव ठेवलं तेच लय झालं." मग पुन्हा दंडाकडे पाहून, "मंग हे दोगं कोन?"

"जुळे."

"कोनाचे?"

ओर्लाने वडिलांबद्दल सांग म्हटलं होतं. भादवा, भरती, फुटलेला बांध, केवढं सांगण्यासारखं होतं! आणि मी तिला कागद वाचून दाखवला होता. बाबांना मी कधी विचारलंच नव्हतं की तुमचा जन्म कसा झाला. हसता हसता आईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते ती पदराने पुसत होती, आणि तिचं ते हसणं बघून माझ्यातलं काहीतरी सुटलं. मी सुकटीकडे बघतच म्हटलं, "आई, गेल्या वर्षी मला रजा मिळाली होती."

तिचा हात थांबला नाही. "म्हायत हाय."

"आम्ही स्पेनला..."

"म्हायत हाय गो. रियानं फोटू टाकलेले. रम्याच्या पोरीनं मोबाईलवर दाखवले आमाला. तू टोपी घातलेली. ह्यांनी पन बघितले."

ऊन ओटीच्या पायरीपर्यंत आलं होतं. आईने एक एक काडी बाजूला काढत सांगितलं, जसं शेजारच्या घरचं सांगावं तसं. फोटोंत एक मिठागर होतं, आणि त्यातलं पाणी गुलाबी होतं. बाबांना उठून बसवत नव्हतं तेव्हा. तरी त्यांनी नातीला सांगून तो फोटो पुन्हा पुन्हा मोठा करायला लावला. "पानी लाल झालंय, मीठ पिकलं बग त्यांचं," म्हणाले. दिवसभर तेच. इतकं मोठं आगर, बांध कसे घातले असतील, ओढायला माणसं दिसत नाहीत, मग ओढतात कशाने?

"तुला इचारायचं व्हतं त्यांना. फोन लाव म्हनाले. मीच नको म्हटलं. म्हटलं, इचारलंत तर पोरीला परत खोटं बोलावं लागंल. तवा ऱ्हायलं."

"रागावले नव्हते?"

"रागावले की. पयल्या दिशी जेवले न्हाय. मंग मीठ दिसलं, नि राग इसरले." आईने सूप झटकलं आणि माझ्याकडे सरळ पाहिलं. "मंग? कशानं वढतात?"

मी तिथे उभी राहिले होते. पाऊण तास. मिठागर बघायचा हट्ट माझाच होता. नवऱ्याने चिडवलं, बाई माहेरी आली म्हणून. मला गहिवरून आलं, मी फोटो काढून घेतले, पाणी गुलाबी आहे म्हणाले. पण मीठ कसं ओढतात ते मी पाहिलं नव्हतं. मिठागरवाल्याच्या पोरीने पाहिलं नव्हतं. मी स्वतःलाच बघत होते, बाबांची आठवण काढताना किती छान वाटतंय ते.

"बघितलं नाही, आई."

"बरं," ती म्हणाली, आणि सूप घेऊन आत गेली. मला क्षमा केली की नाही, ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही. विचारलं असतं तर तिला माझ्यासाठी खोटं बोलावं लागलं असतं.

गॉलवेला परतल्यावर ओर्लाकडे गेले. खरी हकिकत ऐकून ती बिचारी रडकुंडीला आली. वरून लाटा काढते, भरती काढते, पैसे नको म्हणाली. मी नको म्हटलं. बाबांची रास कुणालाच माहीत नाही, तर ती माझ्या दंडावर तरी कशी येईल? ही कागदावरच्या एक जूनची मिथुन, म्हणजे माझीच की. दोन खांब, एक रजा मिळालेली आणि एक रजा मिळाली नाही म्हणणारी, एकाच दोऱ्याने बांधलेल्या. राहू दे तशीच. आता बाहीखाली लपवत नाही.

मग पुढच्या सुट्टीच्या दिवशी रियाला शेजारी बसवलं आणि त्या स्पेनच्या आगराबद्दल जेवढं मिळेल तेवढं शोधलं, चित्रफिती थांबवून थांबवून पाहिल्या. रविवारी आईला फोन लावला.

"आई, यंत्राने ओढतात. मोठी यंत्रं असतात, पाण्यातूनच मीठ खरवडून वर घेतात."

पलीकडून आईचा आवाज आला, "यंत्र? म्हंजे तळाचा चिखल पन येत असंल वर. ते म्हनाले असते, असलं मीठ गुरांना घाला."

"धुतात गो नंतर."

"धुतलेल्या मिठाला काय चव ऱ्हाते?" आई आता जोरात होती. "मानूस मीठ वढायची फळी धरतो तवा त्याच्या हाताला कळतं, मीठ कुटं संपलं नि माती कुटं लागली. बांध कसले हायत त्यांचे? मातीचे का शिमिटचे?"

ते मी पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी सांगते म्हटलं.

कुणी विचारतं, आता तुझं घर कुठलं, गॉलवे की रेवस? पूर्वी मी यावर डोळे ओले करून काहीतरी गोड बोलायचे. आता एवढंच सांगते: माझं घर रविवारी सकाळी फोनवर असतं. मी शोधून काढलेलं सांगायचं, आणि आईने बाबांच्या वतीने त्यात खोट काढायची. परवा कळवलं, बांध मातीचेच आहेत. आई म्हणाली, "हां. एवढं तरी बरोबर करतात."