आईचं बोलणं मी टाइप केलं तेव्हा

इंटरनेटवर गप्पा मारायच्या आयआरसीच्या मराठी चॅनलवर पहिल्याच दिवशी मी इंग्रजी अक्षरांत लिहिलं, "काय करून राहिले सगळे?" आणि पुण्या-मुंबईच्या मंडळींनी माझी जी टर उडवली, विचारू नका. एकाने विचारलं, "राहिले? कुठे राहिले?" मी जबलपूरची, घरात मराठी आणि दाराबाहेर हिंदी. आमच्या मराठीला मराठी माणूसच हसेल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. अशी चीड आली! पण मीही कमी नव्हते. महिनाभरात "करते आहे", "जेवलास का" सगळं घोटून घेतलं.

दादा पुण्याहून तिथेच भेटायचा. बाबांनी लावून दिलेली नोकरी सोडून तो गेला, तेव्हा आई रागाच्या भरात म्हणाली होती, "गेला तर परत तोंड दाखवू नको." वर्ष होत आलं तरी तो तिचा फोन घेत नव्हता. माझ्याशी तेवढं टाइप करायचा. हे आईला कळलं, आणि एका रविवारी दुपारी ती माझ्यासोबत सिविल लाइंसच्या सायबर कॅफेत आली. इस्त्रीची साडी नेसून, जसा काही तो तिला पाहणारच होता.

आई शेजारी बसलीय, असं मी दादाला कळवलं. उत्तर आलं, "बोलू दे तिला."

"लिही," आई म्हणाली, "काहून रे, नाराजच होऊन राहिला का अजून? चुकलं माझं. जीभ आहे, घसरली. येऊन जा न घरी."

मी लिहिलं, "अजून रागावला आहेस का? माझी चूक झाली. कृपया घरी ये."

कृपया! आमच्या घरात हा शब्द फक्त लग्नपत्रिकेत यायचा.

दादाने लिहिलं, "ही आई नाही. तू मनाचं लिहून राहिली. फसवू नको मला, चाललो मी."

"काय म्हणतो?" आईने विचारलं. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, खोटं सहज खपलं असतं. पण धीर झाला नाही. त्याचं वाचून दाखवलं, मग माझंही.

"अगं, ही कोण बाई?" आई म्हणाली. मग हळूच, "माझ्या बोलण्याची लाज वाटते का तुला?"

वाटत होती. मान वर होईना.

"मी म्हटलं तेच लिही. एक अक्षर इकडचं तिकडे नको करू."

चॅनलवर हजर असलेल्यांच्या यादीत दादाचं नाव अजून दिसत होतं. मी "काहून"पासून "घरी"पर्यंत सगळं तिच्याच शब्दांत लिहून पाठवलं. आई खुर्चीच्या काठावर येऊन बसली होती.

मग दादाचं उत्तर आलं, "आई, रडून राहिली का?"

मी वाचून दाखवलं. आईने पदराने डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाली, "लिही, नाही म्हणून."

मी लिहिलं, "हो."