शीतलसाठी पाण्यातलं घड्याळ

कुठलीही वाचायची वस्तू हातात आली की मामा ती आधी नाकाला लावायचे. औषधाची बाटली असो, मोटारीवरची पाटी असो, नाहीतर लग्नाची पत्रिका. नाकाशी न्यायचे, डोळे बारीक करायचे, काही दिसत नाही हे लक्षात आलं की चिडून हात लांब करायचे आणि मग वाचायचे. असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल आणि मनात म्हणाला असाल, याची नजर गेली. मीही तेच म्हटलं होतं. माझं तर शहागडला हायवेला लागून चष्म्याचं दुकान आहे, आणि मामांचं (सगळं शहागड त्यांना मामाच म्हणायचं) विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान शेजारीच होतं. एकदा त्यांना ओढून आणून खुर्चीत बसवलं आणि डोळे तपासले. लांबचं अगदी स्वच्छ दिसत होतं. जवळचं, पन्नाशीच्या माणसाचं बिघडतं तेवढंच बिघडलेलं.

"मग नाकाला कशाला लावता?" मी विचारलं.

"गढूळ पाण्यात तसंच वाचावं लागतंय, भाई. मनगट तोंडावरच्या काचेला टेकवलं तरच घड्याळाचा काटा दिसतो. पाणी सुटलं, सवय न्हाई सुटली."

तोवर मला माहीत नव्हतं की माझा शेजारी पाणबुड्या होता.

घरचे सगळे मेंढरांमागं जाणारे. हे मात्र लहानपणापासून गोदावरीत. पुलाच्या कामावर आलेल्या एका ठेकेदारानं त्यांचं पोहणं पाहिलं आणि आपल्यासोबत नेलं. पुढं कितीतरी वर्षं मामा पाठीवर टाकी बांधून धरणांच्या दारांशी, पुलांच्या पायांशी उतरत राहिले. मग एका धरणावर खाली काम चालू असताना साखळी अडकली, हवा संपत आली, आणि ते घाईनं वर आले. त्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी डावा पाय उचलेना. समुद्राकाठच्या एका दवाखान्यात, दाबाच्या हवेनं भरलेल्या लोखंडी खोलीत त्यांना निजवून ठेवलं. पाय परत आला, पण पुरता नाही. डॉक्टरांनी पाणी बंद केलं आणि मामा शहागडला येऊन मोटारी भरायला लागले.

विहिरीत मोटार पडली की लोक अजूनही त्यांच्याकडं यायचे. मामा नकाराची मान हलवायचे. "उतरायला कुणालाबी येतंय," ते म्हणायचे, "वर यायला शिकलेला माणूस बघा." समोरच्याला काही कळायचं नाही. मग मामा त्याला चहा पाजून समजावून सांगायचे. खोल पाण्यात श्वास घेतला की हवेतला नायट्रोजन रक्तात, मांसात मुरत जातो. सावकाश वर आलं तर तो आल्या वाटेनं निघून जातो. झटक्यात वर आलं तर सोड्याची बाटली उघडावी तसा अंगातल्या अंगात फेसाळतो. माझ्याकडं आलेले ट्रक ड्रायव्हर चष्म्याचा नंबर विसरून ऐकत बसायचे. एक जण तर हातातला सोडा तसाच ठेवून निघून गेला.

मामांना एकच मुलगी, शीतल. तिला पोहायला त्यांनीच शिकवलं, इथंच, नदीत. तिनं शिक्षण पुरं केलं आणि मालवणच्या बाजूला पर्यटकांना समुद्राखाली नेणाऱ्या एका केंद्रात नोकरी धरली. मामींनी महिनाभर अबोला धरला. मामा रोज दुकान उघडत होते, पण त्या दिवसांत त्यांनी भरलेल्या दोन मोटारी उलट्या फिरल्या.

मग एका दुपारी ते माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "पोरीला घड्याळ घ्यायचंय. पाण्यातलं."

पाण्यातलं घड्याळ म्हणजे डाइव्ह कॉम्प्युटर. मामांच्या वेळी प्लॅस्टिकचा एक तक्ता असायचा. इतक्या खोलीवर इतकी मिनिटं, मग इतकं थांबायचं. आता मनगटावरचं यंत्र खोली आणि वेळ सतत मोजतं, अंगात किती नायट्रोजन मुरला असेल याचा अंदाज बांधतं, आणि अजून किती थांबता येईल, वर येताना कुठं थांबायचं, हे दाखवतं. मामांनी ते कधी वापरलं नव्हतं. म्हणूनच बहुधा त्यांची चौकशी संपत नव्हती.

मोबाइल माझा, प्रश्न त्यांचे. विकणाऱ्यांना फोन लावून ते विचारायचे, सेल आपल्याला बदलता येतो का दुकानात पाठवावं लागतं? वाजतं फक्त, का थरथरतंही? कारण कानावर पाण्यातली रबरी टोपी चढवली की वाजलेलं ऐकू येत नाही. गोड्या पाण्याचा आणि खाऱ्या पाण्याचा हिशेब वेगळा ठेवतं का? डोंगरावरच्या तळ्यात हवेचा दाब कमी, ते त्याला कळतं का? आणि शेवटी, प्रत्येकाला, न चुकता एक प्रश्न: "हे चुकलं तर कुठल्या बाजूला चुकतंय? लवकर वर बोलावतंय, का उशिरा?"

पुष्कळांनी फोन ठेवला. एक जण मात्र जरा थांबून म्हणाला, साहेब, हे मला आजवर कुणी विचारलं नाही, माहिती घेऊन सांगतो. मामांनी त्याचा नंबर जपून ठेवायला लावला.

दिवाळीनंतर शीतल सुट्टीवर आली तेव्हा केंद्रातल्या सोबत्यांची तीन यंत्रं मागून घेऊन आली. एक दिसायला अगदी मनगटी घड्याळासारखं. दुसरं जाडजूड, हौशी लोकांसाठीचं, साध्या काळ्या आकड्यांचं. तिसरं रंगीत पडद्याचं, फार खोल जाणाऱ्यांसाठीचं. मामांनी चहावाल्याकडून बिस्किटांची काचेची बरणी आणली, तीत गोदावरीचं पाणी भरलं, मूठभर गाळ ढवळला आणि माझ्या टेबलावर ठेवली. बरणीच्या मागं एकेक यंत्र धरायचं आणि समोरून वाचायचं. त्या दिवशी चष्म्यासाठी आलेल्या प्रत्येकाला मामांनी बरणीपुढं बसवलं. माझा धंदा झाला नाही, पण मलाही उठवेना. मनगटी घड्याळाचे बारीक आकडे गाळात गडप झाले. जाडजुडाचे कसेबसे दिसले. रंगीत पडदा तेवढा लख्ख दिसला, परतूरहून आलेल्या मोतीबिंदूवाल्या आजोबांनासुद्धा.

मला वाटलं, ठरलं. पण मामांनी दुसरं उचललं, साधं. ते का आवडलं तेही सांगितलं. नेमून दिलेली मर्यादा मोडून पाण्याबाहेर आलं की हे यंत्र रुसतं, दिवस-दोन दिवस हिशेबच देत नाही. "शिस्तीचं हाय," मामा म्हणाले. "बिलकुल लाड करत न्हाई."

शीतल माझ्या स्टुलावर बसली होती. ती म्हणाली, "बाबा, हे नको. मला पुढचा कोर्स करायचाय. खोल जायचं, खाली वायूच्या टाक्या बदलायच्या, वर येताना थांबत थांबत यायचं. ह्याला ते मोजताच येत न्हाई."

"म्हणूनच घेऊन राह्यलो," मामा म्हणाले.

इतके दिवस चाललेली सगळी चौकशी, सेल आणि थरथर आणि गोडं पाणी, कशासाठी होती ते मला तेव्हा कळलं. ते घड्याळ निवडत नव्हते, पोरीनं कुठवर जायचं ते ठरवत होते.

शीतल चिडली नाही. ती बापाच्या जवळ सरकली. "ह्याला मोजता येत न्हाई म्हणून मी वरच राहीन, असं वाटतं का तुम्हाला? मी जाणार, बाबा. नाव घालून आले. मंग मी जिथं जाईन तिथवर मोजणारं हातावर असू द्या. तुमच्या हातावर त्या दिवशी काय होतं?"

मामा डावा गुडघा चोळत बसले. मग उठून स्वतःच्या दुकानात गेले आणि कुणाची तरी मोटार खोलायला घेतली.

दोन दिवस ते माझ्याकडं फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी शीतलला घेऊन आले आणि रंगीत पडद्याचं यंत्र पुन्हा टेबलावर ठेवायला सांगितलं. शीतलनं दाखवलं की यात किती सावधपणा ठेवायचा, ते आपल्याला ठरवता येतं. सावधपणा वाढवला की ते लवकर वर बोलावतं आणि वाटेत जास्त थांबवतं.

"म्हंजी ह्याला भित्रं करता येतंय?"

"येतं."

"मंग एकदम भित्रं कर."

तसंही चालत नाही, ती म्हणाली. फार भित्रं केलं तर पाण्यात नको तितकं थांबावं लागतं, गारठा चढतो, तेवढी हवाही जवळ पाहिजे. मामांना हे पटायला अख्खी दुपार गेली. ते आकडा भित्र्या बाजूला ढकलायचे, ती थोडा परत आणायची. मी चष्म्याच्या काड्या वाकवता वाकवता ऐकत होतो. शेवटी दोघांच्या मधोमध कुठंतरी ठरलं. मग मामांनी विचारलं, तुझ्या जोडीदाराचं स्वतःचं हाय ना? त्याला आपलं द्यायचं न्हाई, त्याचं घ्यायचं न्हाई. एक जण सकाळी बुडून आलेला असतो, एक जण कोरडा असतो, दोघांच्या अंगातला हिशेब एक कसा होईल?

"चष्म्यासारखंच की," मी म्हटलं. हे त्यांना फार आवडलं. पुढं आठवडाभर ते गिऱ्हाइकांना माझं नाव घेऊन हे ऐकवत होते.

यंत्र मागवलं ते त्या माहिती घेऊन सांगतो म्हणणाऱ्याकडून. त्यानं खरोखर माहिती काढली होती. आलं तेव्हा मामींनी खोक्यावर हळदकुंकू वाहिलं, पण हातात घेतलं नाही.

पुढं शीतलला अंदमानात काम मिळालं आणि तिनं आईबापाला बोलावून घेतलं. मामांनी दुकान पुतण्याला दिलं. जाताना माझ्याकडून वाचायचा चष्मा मात्र घेऊन गेले. चार-सहा महिन्यांसाठी चाललोय, म्हणाले होते. त्याला आता दोन वर्षं झाली. पुतण्या मोटारी चांगल्या भरतो, पण गिऱ्हाइकाला बसवून काही सांगत नाही. ट्रकवाले येतात, चष्मा घालतात, जल्दी निघून जातात. घरी कधी मामांचा विषय निघाला की माझी बीवी विचारते, वो समंदरवाले मामा कब आ रहे?

गेल्या महिन्यात त्यांचा फोन आला. शीतल टप्प्याटप्प्यानं चाललेल्या त्या कोर्समधलं सगळ्यात खोल पाणी उतरली त्या दिवशी मामा-मामी नावेत होते, ते सांगायला. त्यांना नावेत घ्यायला शिकवणाऱ्यानं आधी नाही म्हटलं होतं, मग मामांचा पाय बघून हो म्हणाला.

"खाली गेल्ती," मामा म्हणाले. "बुडबुडे येत होते, मंग कमी झाले, मंग पुन्हा वाढले. मंग एकाच जागी यायला लागले. म्हंजी पोरगी थांबलेली. पुन्हा जरा वर, पुन्हा थांबलेली. बराबर चाललं होतं, भाई. मला सगळं कळत होतं, तरी नावेची कड हातातनं सुटत नव्हती."

वर आली तेव्हा ती हसत होती आणि तिला भूक लागली होती, एवढंच ते तिच्याबद्दल म्हणाले.

मग म्हणाले की परतताना त्यांनी मामींना विचारलं. लग्न झाल्यावर मामी धरणांच्या कामावर त्यांच्यासोबत राहायच्या. मामा पाण्यात, कमरेला दोरी, दोरीचं दुसरं टोक काठावरच्या सोबत्याच्या हातात, आणि मामी तिथंच दगडावर बसलेल्या. इतक्या वर्षांत हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. तू अशी कितीदा बसलीस, तासन् तास पाण्याकडं बघत?

"ती म्हणे, मी पाण्याकडं कधी बघितलंच न्हाई. पाण्यात मला काय कळतंय? ज्याच्या हातात दोरी होती, त्याच्या तोंडाकडं बघायची."

मी विचारलं, "आणि परवा नावेत? मामी कुणाकडं बघत होत्या?"



"माझ्याकडं," मामा म्हणाले.