पांडू मेस्त्रींचं रंधा मशीन

मासिकात लोकांचे असले अनुभव छापून येतात, ते मी आवडीने वाचते, पण खरं सांगायचं तर एकावरही माझा कधी विश्वास बसला नाही. आम्ही वसईचे ख्रिस्ती. भूत, करणी, नजर असलं काही बोललं तरी माझी आई रागवायची. माझं शिक्षण चौथीपर्यंत, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील. हे लिहून झालं की पाठवीन की नाही तेही माहीत नाही. तरी एकदा लिहून ठेवते... कारण तोंडाने सांगणं मला जमणार नाही. ते जमलं असतं तर हे घडलंच नसतं.

गोष्ट मस्कतची, सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव सालची. रुवीला लागून हमरिया म्हणून जुनी, दाटीची वस्ती आहे. तिथे माझ्या मिस्टरांचं जुन्या मशिनींचं दुकान होतं — ड्रिल, ग्राइंडर, कटर, लाकूड तासायचे इलेक्ट्रिक रंधे. वर आमची खोली, खाली दुकान. लेबर कॅम्पात राहणारे कामगार गावी जाताना मशिनी विकून जायचे, नवीन आलेले विकत घ्यायचे. काहीजण अडचणीला मशीन आमच्याकडे गहाण ठेवायचे आणि पगार झाला की सोडवून न्यायचे. विकायच्या मशिनी बाहेरच्या फळीवर, गहाणाच्या आतल्या खोलीत. पुसून, तेल घालून ठेवायचं काम माझं. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम मिस्टरांचं, कारण परका माणूस समोर आला की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

पांडू मेस्त्री कुडाळकडचे सुतार. मुलीचं बाळंतपण अडलं होतं, गावाला पैसे तातडीने पाठवायचे होते, म्हणून त्यांनी आपलं रंधा मशीन आमच्याकडे ठेवलं. ठेवताना मिस्टरांना म्हणाले होते, मशीन हातात आहे तोवर मी मेस्त्री, मशीन नाही तर कंत्राटदार मला फळ्या उचलायला लावतो. आणि तसंच झालं होतं. पन्नाशीचा माणूस, खांद्यावर फळ्या वाहत होता.

एका सकाळी मिस्टर सीबला जुनं सामान बघायला गेले आणि मला दुकानात बसवून गेले. कोणी आलं तर बाहेरचं दाखव, आतलं नाही, एवढंच सांगून गेले. मी मेस्त्रींचं मशीन पुसायला म्हणून काउंटरवर घेतलं होतं. तेवढ्यात एक म्हातारे ओमानी अर्बाब आले; तिकडे मालकाला अर्बाब म्हणतात. मस्कतहून दोन तासांवर, इब्र्याला त्यांचं दरवाजे बनवायचं वर्कशॉप होतं. त्यांनी ते मशीन उचललं, बटण दाबून चालवून पाहिलं आणि खूश झाले. कितना, म्हणून विचारलं.

“ये बेचने का नहीं है,” एवढंच म्हणायचं होतं. हिंदी मला येत होती. पण शब्द बाहेर पडेना. मी खाली बघत राहिले. त्यांना वाटलं मी भाव वाढवतेय. त्यांनी पैसे ठेवले, मी गप्प. हसून आणखी ठेवले, मी तरीही गप्प. मग म्हणाले, “खलास?” म्हणजे, सौदा पक्का?

आणि मी मान हलवली.

मिस्टर आल्यावर मी रडत सांगितलं. ते चिडले नाहीत, उलट हसले. म्हणाले, “एवढा भाव मला कधी मिळाला नाही. तू मुकी राहून धंदा करतेस, उद्यापासून तूच बस.” मेस्त्री सोडवायला आले तर दुसरं देऊ, असं म्हणून त्यांनी विषय संपवला. माझा संपला नाही. त्या मशीनच्या मुठीवर मेस्त्रींच्या हाताने खळगा पडला होता. दुसरं कुठून आणणार?

चार-पाच दिवसांनी, दुपारच्या सुट्टीनंतर दुकान उघडलं तेव्हा मी एकटीच होते. दारात पांडू मेस्त्री उभे. अंघोळ केलेली, धुतलेला शर्ट, हातात छोटी स्टीलची ताटली. मला वाटलं मशीन सोडवायला आले.

ते म्हणाले, “मशीन नेवक नाय इलंय, बाईनू. आज खंडेनवमी. हळद-कुंकू लावतंय, फूल ठेवतंय नि जातंय.”

त्यांच्यात त्या दिवशी हत्याराची पूजा करतात. कॅम्पात प्रत्येकाने आपापली करवत, ड्रिल मांडलं होतं. यांच्यासमोर मांडायला काही नव्हतं. म्हणून ते आमच्याकडे आले होते.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी म्हटलं, “आतल्या खोलीची किल्ली ह्यांच्याकडे आहे.” किल्ली माझ्याच कमरेला होती, पदराखाली.

मेस्त्री जराही नाराज झाले नाहीत. “बरा. मगे दाराकच लावतंय. मशीन आत आसा मां?”

मी पुन्हा मान हलवली.

त्यांनी बंद दाराला हळद लावली, कुंकू लावलं. उंबऱ्यावर तांदूळ वाहिले. फूल आणायचं राहिलं होतं, तर मला विचारून दुकानाबाहेर तेलाच्या डब्यात मी लावलेल्या सदाफुलीचं एक तोडलं — पांढरं, मध्ये लाल ठिपका. मग डोळे मिटून हात जोडून उभे राहिले, बराच वेळ. त्या दाराआड दुसऱ्यांच्या मशिनी होत्या. त्यांची नव्हती. देवळात कोणी चुकीच्या मूर्तीसमोर रडत असावं आणि आपण बघत राहावं, तसं मला झालं.

ते गेल्यावर मी दाराला हात लावला नाही. पुसायचं धाडस झालं नाही, पुढचे दिवस तिकडे बघायचंही टाळलं.

त्याच आठवड्यात सकाळी इब्र्याचे अर्बाब आले. मिस्टरही दुकानात होते. अर्बाबनी कापडात गुंडाळलेलं मशीन काउंटरवर ठेवलं आणि कापड उघडलं. मुठीवर हळद. त्यावर कुंकू. पात्याच्या फटीत तांदळाचे दाणे. आणि एक सदाफुली, पांढरी, लाल ठिपक्याची, किंचित सुकलेली.

मिस्टर गडबडले. मशीन बिघडलंय का, विचारू लागले. अर्बाब म्हणाले मशीन उत्तम आहे. रात्री लोखंडी कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, किल्ली त्यांच्याच खिशात. सकाळी उघडलं तर हे असं. वर्कशॉपमध्ये ते आणि त्यांचे मुलगे, बाहेरचा कामगार नाही. मिस्टरांनी विचारलं ही कोणत्या दिवसाची गोष्ट. त्यांनी सांगितलं. खंडेनवमीच्या दुसऱ्या दिवसाची सकाळ.

ते रागावलेले नव्हते, घाबरलेलेही नव्हते. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, “ये किसी का अमानत है. जिसका है, उसको दो.” पैसे परत घेतले आणि चहाही न घेता निघून गेले.

मग मी मिस्टरांना दारावरच्या पूजेचं सांगितलं. ते म्हणाले, कोणीतरी हिंदू माणूस त्यांच्याकडे येत-जात असेल, म्हाताऱ्याला माहीत नसेल. सदाफुली काय, सगळीकडे असते. असेलही. मी स्वतःला पुष्कळदा तेच सांगून बघितलं. पण आमच्या बंद दारावरचं कुंकू बघायला मी गेले... तिथे काही नव्हतं. पुसल्याचा डागही नाही. उंबऱ्यावर तांदूळ नाहीत. मिस्टर म्हणाले मुंग्यांनी नेले असतील. कुंकू मुंग्या नेतात का?

पगार झाल्यावर मेस्त्री आले. मिस्टरांनी आतून मशीन आणून दिलं. मी ते पुसलं नव्हतं. मेस्त्री मुठीकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे वळले.

“बाईनू... तुमी माजी पूजा आत नेवन लावल्यात? किरिस्तांव आसान सुद्धा?”

त्यांचे डोळे भरले होते. मी तोंड उघडलं. नाही, मी नाही, मी तर तुमचं मशीन विकलं होतं — सगळं अगदी ओठांवर आलं. पण मिस्टर पटकन म्हणाले, “आमची बाई बोलत नाही, करून दाखवते.” मेस्त्री हसले, त्यांनी मला हात जोडले आणि मशीन लेकरासारखं छातीशी धरून गेले. त्यांना पुन्हा मेस्त्रीचं काम मिळालं.

त्यांनी कॅम्पात सगळ्यांना सांगितलं. हमरियातली ती बाई दुसऱ्याच्या हत्यारालाही देवासारखं जपते, म्हणून. लोक विश्वासाने आमच्याकडेच यायला लागले, दुकान त्याच नावावर चाललं. आम्ही वसईला परत येईपर्यंत दर खंडेनवमीला मेस्त्री ताटली घेऊन यायचे आणि मलाच म्हणायचे, तुमच्याच हातान लावा. मी लावायची. मान वर करायची नाही, त्यांना वाटायचं भक्तीने.

मी पापनिवेदनात फादरना खोटं बोलल्याचं सांगितलं. त्यांनी प्रार्थना करायला सांगितली, मी केली. त्या कुंकवाचं मात्र कोणीच काही सांगू शकलं नाही. आजही मला त्याचा उलगडा नाही. एवढंच कळतं, की ज्याने कोणी ते बंद दारावरून उचलून इब्र्याला पोचवलं, त्याला मशीन कुठे गेलंय ते ठाऊक होतं. मी विकलंय हेही ठाऊक होतं. त्याने ते मेस्त्रींना सांगितलं नाही. तेवढं माझ्यावर सोडलं.

आणि मी अजून सांगितलेलं नाही.