संप राखजो

आमच्या रविवारच्या अभ्यासवर्गात खराखुरा कामगार एकच होता, आणि त्याचं आम्हाला केवढं अप्रूप! बाकीचे आम्ही सगळे तोंडाचे शूर. बडोद्याच्या समा भागातल्या माझ्या दोन खोल्यांत दर रविवारी सकाळी सात-आठ जण जमायचे. मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायचे, त्यामुळे भांडवलशाहीचं नेमकं कुठे चुकतं ते मला तोंडपाठ होतं. एक गुजराती प्राध्यापक यायचे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक मराठी काका यायचे, दोन-तीन विद्यार्थी असायचे. आणि हा फिटर. चार महिन्यांपूर्वी बायको-मुलीला घेऊन जळगावकडून आलेला आणि छाणीजवळच्या एका छोट्या कारखान्यात लागलेला. गुजराती त्याला अजून जेमतेम समजायची.

मला त्या काळात एका जागी बसणं म्हणून माहीत नव्हतं. पोहे परतता परतता एखादा मुद्दा कानावर आला, की उलथणं हातात घेऊन मी बाहेरच्या खोलीत. पोहे दर रविवारी खाली लागायचे. क्रांतीला उशीर होतोय आणि तो माझ्यामुळेच होतोय, अशी काहीतरी तगमग असायची. उद्याच्या न्याय्य समाजात गटारं कोण साफ करणार, यावर आम्ही ओळीने तीन रविवार घालवले. गटारांचं काही ठरलं नाही, माझा घसा मात्र बसला.

एका रविवारी फिटरने पहिल्यांदाच आपणहून विषय काढला. त्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर एका जोडीदाराची दोन बोटं गेली होती. मशीनला जाळी बसवा, असं कामगार म्हणत होते. जाळी लावली की काम मंदावतं, असं शेठ म्हणत होता.

"आता आम्ही काय करायचं, सर?" त्याने प्राध्यापकांना विचारलं.

"जुओ भाई," प्राध्यापक म्हणाले, "पहेली वात, बधा संप राखजो. संप हशे तो शेठ शुं करवानो?"

"उद्यापासूनच?"

"हा, हा, उद्यापासूनच!" प्राध्यापकांनी आपल्या मराठीत हौसेने सांगितलं.

मराठीत संप म्हणजे काम बंद. गुजरातीत संप म्हणजे एकी, सलोखा; 'बधा संप राखजो' म्हणजे सगळे एकीने राहा. शाळेत आमच्या गुजरातीच्या बाई फळ्यावर 'संप त्यां जंप' लिहायच्या, म्हणजे एकी तिथे सुखशांती. आणि घरी वडील पेपरात 'संप' वाचून कपाळाला हात लावायचे. बडोद्यात वाढलेल्या मला हे दोन्ही अर्थ लहानपणापासून ठाऊक. त्या दोघांचं बोलणं ऐकून मला हसू आलं. फिटरचा चेहरा गंभीर झालेलाही मी पाहिला. सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात काका म्हणाले, "सगळीकडे सहकारी कारखाने काढा, की मालक-मजूर हा प्रश्नच मिटला!"

झालं. सहकाराबद्दल कुणी इतकं भोळं बोललं की माझं डोकं फिरायचं. मी काकांवर तुटून पडले. तासाभराने काका गप्प झाले आणि मी जिंकले. तोवर फिटर निघून गेला होता.

पुढच्या रविवारी तो आला नाही. कामगार चळवळीपासून दूर का जातो, यावर आम्ही त्या दिवशी चर्चा केली. सगळ्यांत जास्त मीच बोलले. मनात काहीतरी ठसठसत होतं, म्हणून आवाजही चढला होता.

मंगळवारी मला राहवेना. सायकल काढली आणि छाणी गाठली. कामाच्या दिवशी, भर दुपारी, तो आपल्या खोलीच्या दारात शेजाऱ्यांचा स्टोव्ह उघडून बसला होता. मी काय ते समजले.

"त्या रविवारी संध्याकाळी मी कारखान्यातल्या नऊही जणांच्या घरी जाऊन आलो, ताई," तो म्हणाला. "उद्या संप, म्हटलं. सगळे म्हणाले, हा हा, संप तो राखवो ज जोईए. एकाने पाठ थोपटली. सकाळी मी गेटबाहेर उभा राहिलो, आणि ते माझ्याकडे बघत बघत आत गेले. दुपारी शेठ बाहेर आला. म्हणाला, आता येऊच नको. आठ दिवस मनातल्या मनात शिव्या घालतोय मी त्यांना."

मी त्याला दोन्ही अर्थ सांगितले. मला ते त्याच दिवशी लक्षात आलं होतं आणि मी बोलले नाही, हेही सांगितलं. सांगताना आत उभ्या असलेल्या त्याच्या बायकोकडे बघायची माझी हिंमत झाली नाही. तो रागावेल असं वाटलं होतं. पण त्याचा चेहरा उलट सैल झाला.

"म्हणजे ते फितूर नव्हते!" तो म्हणाला. त्याला खरंच बरं वाटलं होतं, आणि मला ते सहन होईना.

थोडा वेळ तो स्टोव्हशी खटपट करत राहिला. मग म्हणाला, "सरांचा संप म्हणजे एकी. बरं. माझा संप म्हणजे काम बंद. पण ताई, कुठलाही धरला तरी तुम्ही मंडळी तिथं पाहिजे होतात ना? मी दुपारपर्यंत रस्त्याकडे बघत होतो."

"माझा कॉलेजात तास होता," मी म्हटलं.

ते खोटं होतं. सोमवारी माझा पहिला तास दुपारी असे. ती सगळी सकाळ मी घरीच होते, सायकलने वीस मिनिटांवर, पुढच्या रविवारच्या चर्चेची टिपणं काढत.